बुरशीबाई

दिवाळीच्या सुट्टीनंतर कॉलेज उघडलं, त्या दिवशी टेबलाच्या खणात माझा विसरलेला डबा सापडला. झाकण उघडलं तर पोळीवर रंगपंचमी झालेली. नाकाला रुमाल लावून मी डबा खिडकीबाहेर झटकणार, तेवढ्यात दारातून हाक आली, "सर, थांबा! टाकू नका! काय सुंदर आलीय!"

शेजारच्या प्रयोगशाळेतल्या भोये मॅडम होत्या. नुकत्याच रुजू झालेल्या. हातमोजे चढवून त्यांनी तो डबा बारशाला आलेल्या आत्याच्या कौतुकानं उचलून नेला. दोन दिवसांनी उकळून लख्ख केलेला डबा परत आला, सोबत निरोपही. "तुमच्या पोळीवर तीन जाती निघाल्या. त्यातली एक कामाची आहे." आपल्या घरच्या पोळीला इतकं कौतुक आजवर मिळालं नव्हतं, असं मी बायकोला सांगितलं आणि त्या संध्याकाळचा चहा गमावला.

जव्हारच्या आमच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवायचो आणि डॉ. यशोदा भोये सूक्ष्मजीवशास्त्र. दोन प्रयोगशाळांच्या मध्ये एक दार होतं, ते पावसात फुगून कधीच लागेनासं झालं होतं. त्यामुळे मी त्यांचा शेजारी झालो आणि आपोआप साक्षीदारही. त्या मूळच्या मोखाडा तालुक्यातल्या, खोडाळ्याच्या पुढच्या एका पाड्यावरच्या. आश्रमशाळा, मग नाशिक, मग पुणे असं शिक्षण. कार्यक्रमांना बोलावून लोक त्यांना "तुमचं शिक्षण कसं झालं ते सांगा" म्हणत. डोळे पुसायला रुमाल काढून तयार बसलेल्या मंडळींना त्या एवढंच सांगत, "एसटीनं झालं." आणि विषय बदलून पिण्याच्या पाण्यावर येत.

मुलांनी त्यांचं नाव बुरशीबाई ठेवलं होतं. ते त्यांच्या कानावर गेलं तेव्हा मला वाटलं, आता काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन त्यांनी विचारलं, "बुरशीबाई कोण म्हणालं?" कोणी उठेना. "अरे, उठा. नाव चांगलं आहे. फक्त आता बुरशीच्या पाच जाती सांगा, म्हणजे तुम्हाला ते म्हणायचा हक्क मिळेल." त्या वर्षी बुरशीच्या प्रश्नात कुणीही नापास झालं नाही.

त्यांच्या पर्समध्ये उकळलेल्या बाटल्या, चिमटा, कापूस, चिकटपट्टी आणि खुणा करायची पेनं असत. कंगवा क्वचितच. मोखाड्याच्या बाजारात आपण चांगले टोमॅटो निवडायचो, त्या सडके निवडायच्या. भाजीवाली आधी बिचकायची, मग सवय झाली. नंतर नंतर तर "ताई, तुमच्यासाठी सडका भोपळा ठेवलाय" अशी प्रेमाची हाक यायला लागली. लग्नात गेल्या की पंगतीला बसण्याआधी मुदपाकखान्यात डोकावून विचारणार, "वरण कधी उतरवलं? झाकण होतं का?" आचारी त्यांना पाहून चळचळा कापत. पण गरिबाच्या झोपडीत कधी असा प्रश्न नाही. तिथं चुलीपुढे बसून तव्यावरची गरम भाकरी थेट हातात घेणार आणि मिरचीच्या ठेच्याशी खाणार. मला म्हणायच्या, "सर, तव्यावरच्या भाकरीइतकी स्वच्छ वस्तू तुमच्या पंचतारांकित हॉटेलात मिळायची नाही." मी पंचतारांकित हॉटेल फक्त बाहेरून पाहिलं होतं, पण मान डोलवायचो.

आमच्याकडे पावसाळ्यात वीज पाहुण्यासारखी येते. जंतू वाढवायच्या पेटीला मात्र एकसारखी ऊब लागते. एका जुलैत वीज गेली ती गेलीच. दुसरं कुणी हातावर हात ठेवून बसलं असतं. मॅडमनी शिपायाला पिटाळून भाताचा पेंढा आणवला, मोठ्या खोक्यात अंथरला, गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून मध्ये ठेवल्या आणि त्यांच्या भोवती आपल्या काचेच्या बशा रचल्या. त्यात खळ घालून त्यावर त्या जंतू पेरत, आणि कॉलेजात सगळे या बशांना प्लेट म्हणत. मी विचारलं, "हे काय?" म्हणाल्या, "आढी लावलीय. आंबे पिकतात, तर हे का नाही पिकणार?" वीज परत येईतोवर दर तासाला त्या बाटल्यांतलं पाणी बदलत होत्या. आढी उत्तम पिकली.

एकदा विद्यार्थ्यांना घेऊन त्या गावाबाहेरच्या शिरपामाळावर माती गोळा करायला गेल्या होत्या. मीही हवा खायला म्हणून गेलो. तिथं मुंबईहून आलेलं एक कुटुंब फोटो काढत होतं. ह्या गुडघे टेकून चमच्यानं माती उकरतायत असं पाहून त्यातल्या गृहस्थांचे डोळे चमकले. "काय मॅडम, खजिना शोधताय का? महाराज इथं थांबले होते म्हणे."

"थांबले होते," मॅडम वर न बघता म्हणाल्या. "पण त्यांच्याही आधीपासून जे इथं राहतात, त्यांच्यापैकी काही जणांना मी न्यायला आलेय."

गृहस्थ दोन पावलं मागे सरले. मग मॅडमनी त्यांना बसवून समजावलं, की मातीतले जंतू एकमेकांशी भांडतात, भांडताना विष सोडतात आणि त्या विषांतूनच आपली कित्येक औषधं आली. गृहस्थांच्या मुलीनं जाताना मूठभर माती रुमालात बांधून नेली. मॅडमना त्याचा इतका आनंद झाला की परतीच्या वाटेवर त्या गुणगुणत होत्या. त्यांचा आवाज बेसूर होता, हेही नोंदवून ठेवतो.

त्यांचा खरा जीव होता तो रानातल्या औषधी पाल्याफळांत. आमच्याकडे पावसाच्या तोंडावर शेवळाची रानभाजी करतात. ती घशाला खाजते, म्हणून तिच्यात काकड नावाची आंबट फळं घालतात. लहानपणी त्यांच्या आईच्या हातची ही भाजी दुसऱ्या दिवशीही उतरत नसे. हे लेकीच्या लक्षात राहिलं आणि मोठेपणी तिनं काकडाचा रस जंतूंच्या प्लेटवर ठेवून पाहिला. रसाच्या थेंबाभोवती स्वच्छ गोल कडं उमटलं, जंतू त्याच्या आत यायला तयार नाहीत. त्या दिवशी मॅडमनी मला, शिपायाला, ग्रंथपालाला, अगदी फी भरायला आलेल्या एका पालकालाही ओढून आणलं. "बघा, बघा, कसे घाबरलेत!"

पण प्रेम आंधळं नव्हतं. एक व्यापारी "जंगलचा अर्क, सर्व जंतूंवर रामबाण" अशा बाटल्या घेऊन आला. त्याला कॉलेजचं प्रमाणपत्र हवं होतं. बोलण्यात मध, सोबत सुक्या मेव्याचा डबा. मॅडमनी डबा परत केला आणि बाटली ठेवून घेतली. आठवड्यानं तो आला तेव्हा त्याला म्हणाल्या, "तुमच्या अर्कानं जंतू मरत नाहीत. उलट बाटलीतच बरेच सुखरूप नांदतायत." तो म्हणाला, "मॅडम, तुमच्याच भागातल्या वनस्पती आहेत. तुमच्याच लोकांचं नाव होईल." मॅडमचा चेहरा असा कडक झालेला मी प्रथमच पाहिला. "माझ्या लोकांचं नाव खोट्यावर नको," त्या म्हणाल्या. हे बोलणं किती महाग पडू शकतं, ते पुढच्याच हिवाळ्यात कळलं.

त्यांची आई ठमाबाई पाड्यावरच्या बायकांच्या बचतगटाची प्रमुख होती. ठेंगणी, काटक, बोलायला थोडी. तिच्या हातचं नागलीचं, म्हणजे नाचणीचं, सत्त्व पंचक्रोशीत नावाजलेलं. नागली धुवायची, भिजवायची, फडक्यात बांधून मोड आणायचे, वाळवून, भाजून दळायची. अर्ध्या पाड्याची पोरं त्यावर वाढलेली. लहान बाळांना सत्त्व वाटणाऱ्या एका संस्थेनं या गटाला मोठं काम देऊ केलं. ते मिळालं तर त्या बायकांना घरदार सोडून, पोरं काखोटीला मारून वीटभट्टीवर जावं लागणार नव्हतं. अट एकच, माल तपासून घ्यायचा. आणि जवळची प्रयोगशाळा कुठली, तर जव्हारच्या कॉलेजातली. पाड्यावर आनंदीआनंद झाला. आपल्या यशीकडंच तर तपासायचंय!

माल आला. दोन दिवसांनी मॅडम मधल्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"सर, आईचा माल फेल आहे."

प्लेटभर मोठाले, मळकट ठिपके उठले होते. त्यांनी पुन्हा लावून पाहिलं, पुन्हा तेच. काम जमवून देणाऱ्या हितचिंतकाचा फोन आला. "मॅडम, आईचाच गट आहे तुमचा. आणि सत्त्व काय कोणी कच्चं खातं? उकळूनच देतात ना बाळाला?" मॅडम म्हणाल्या, "हा जंतू उकळीनं मरत नाही. डोळे मिटून बसतो आणि पेज कोमट झाली की उठतो. बाळाचं पोट आहे, साहेब. मी सही करणार नाही."

निरोप फोनवर द्यायचा नाही, असं त्यांनी ठरवलं. रविवारी जीपनं आम्ही दोघं पाड्यावर गेलो. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण त्यांना एकटीनं जाऊ द्यावंसं वाटेना. बायका ओसरीवर गोळा झाल्या होत्या, चहा उकळत होता. मॅडमनी उभ्यानंच सगळं सांगितलं, काहीही आडपडदा न ठेवता.  ठमाबाई म्हणाली,

"माझा हात घाण हाय का गं?"

"हात नाय, आये. माल."

"मालाला हात माझाच लागतो."

एवढं बोलून ती उठली. सगळा माल तिनं स्वतः ओढत खड्ड्यापर्यंत नेला. लेक मदतीला धावली तर म्हणाली, "बाजूला सरा, मॅडम, कपडं खराब व्हतील." त्या दिवसापासून आईनं लेकीला यशे म्हणणं सोडलं. बोलायचीच वेळ आली तर मॅडम. पाड्यावर दुसरं बोलणं नव्हतं. लेकीनं आईच्या तोंडचा घास काढला. संस्थेनं होळीपर्यंत थांबायचं कबूल केलं होतं, पण भट्टीचा मुकादम बायकांच्या दारात येऊन आगाऊ पैशाचं विचारून गेला होता.

मॅडम दर रविवारी पाड्यावर जाऊ लागल्या. विहिरीचं पाणी, हात, फडकी, सूप, गिरणीचं जातं, सगळं कापसानं पुसून आणलं आणि तपासलं. दोष सापडेना. मग त्यांना आपलं लाडकं काकड आठवलं. पावसाळ्यात काढून ठेवलेला अर्क पाण्यात घालून त्यात मोड धुवून पाहिले. इतक्या वर्षांची मेहनत नेमकी घरच्याच कामी येणार म्हणून त्या किती खूश होत्या! तीन दिवसांनी प्लेट बघितली. ठिपके थोडे कमी, पण होतेच. मी म्हटलं, "कमी झालेत असं तरी लिहा." त्या म्हणाल्या, "सर, बाळाला थोडं कमी विष चालतं का?" आणि वहीत स्वच्छ अक्षरात लिहिलं, काकड इथे पुरत नाही. माझ्या मनात तेव्हा जे उमटलं त्याला अभिमान हाच शब्द आहे. मी तो त्यांना बोलून दाखवला नाही, कारण त्या म्हणाल्या असत्या, "प्रयोगशाळेत भावना आणू नका, त्यालाही जंतू असतात."

दोष सापडला तो एका शनिवारी संध्याकाळी, त्या मुक्कामाला गेल्या तेव्हा. आमच्याकडच्या या पाड्यांवर कणसरी ही धान्याची देवी. मोड आणायला बांधलेलं नागलीचं ओलं गाठोडं पहिल्या रात्री कणसरीपुढे ठेवायचं, तिचा हात फिरल्याशिवाय मोड धरत नाहीत, अशी रीत. आणि देवीची जागा त्या दिवशी ताज्या शेणानं सारवायची, हेही ओघानंच आलं. ओल्या सारवणावर ओलं गाठोडं, रात्रभर. सोमवारी मॅडम मला सांगत होत्या आणि कपाळावर हात मारून घेत होत्या. "अहो, लहानपणी ते गाठोडं मीच ठेवायची. डोळ्यासमोर होतं, म्हणून तर दिसलं नाही!"

आता पंचाईत अशी, की हे सांगायचं कसं? ज्या जागेला बायका सगळ्यात पवित्र मानत, तिथंच अन्न बाटत होतं. मॅडमनी त्या आठवड्यात कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या खेपेला एकाच नागलीची दोन गाठोडी बांधायला लावली. एक रीतीप्रमाणे देवीपुढे, एक वाशाला टांगलेलं. दोन्हींच्या प्लेटा लावल्या आणि पट्टीनं बंद करून पाड्यावर नेल्या. मीही गेलो. एवढं झाल्यावर घरी बसणं शक्यच नव्हतं.

बायकांनी प्लेटा हातोहाती फिरवल्या. कुठली कुठल्या गाठोड्याची, ते सांगावं लागलं नाही. एक म्हातारी म्हणाली, "कणसरीला बोल लावतेस का पोरी? कोपल ती."

"देवीला बोल नाय लावत, आजी," मॅडम म्हणाल्या. "शेणामातीत जंतू असतातच. शेतात ते चांगले, पिकाला लागतात. बाळाच्या पेजेत वाईट. मी रीत मोडा म्हणत नाय. कसं करायचं ते तुम्ही सांगा."

 कोपऱ्यात बसलेल्या ठमाबाईनं ती ठिपक्यांची प्लेट उजेडात धरली, बराच वेळ बघितली. मग लेकीकडे न बघता बायकांना म्हणाली, "कणसरीला आपल्या पोरांची पोटं दुखलेली आवडतील का गं? तिला नागलीची मूठ द्या पानावर. तिची मूठ तिला. गाठोडं वर टांगा."

"आन् कोपली तर?"

"तर माझ्यावर कोपल. गटाची मोठी मी हाय."

म्हातारीनंच मग पान आणायला नातीला पाठवलं. ठमाबाई उठून नागली निवडायला बसली. लेकीशी मात्र त्या दिवशीही बोलली नाही.

होळीच्या थोडं आधीची गोष्ट. माझ्या नोकरीचे शेवटचे दिवस होते, मी माझ्या बाटल्यांची मोजदाद करत होतो. मॅडमच्या दारात ठमाबाई उभी दिसली. एकटी आली होती, खोडाळ्याहून एसटीनं, हातात स्टीलचा डबा. "बस ना, आये," मॅडम म्हणाल्या. ती बसली नाही.

"मॅडम, हा माल तपासा. कोणाचा हाय ते बघू नका."

"परवा कळेल."

"मंग परवापर्यंत हायेच मी."

ती लेकीच्याच खोलीवर राहिली. दोघी काय बोलल्या, बोलल्या की नाही, देव जाणे. तिसऱ्या दिवशी सकाळी दोघी बरोबर आल्या. मॅडमनी प्लेट बाहेर काढली, खिडकीशी नेली, फिरवून फिरवून पाहिली आणि आईच्या हातात दिली. ठमाबाईनं ती डोळ्याजवळ धरली, लांब धरली, उलटी करून पाहिली.

"यात तर कायच नाय."

"हो, आये. कायच नाय."

"म्हंजे?"

"म्हंजे तुझा माल चांगला हाय. बाळांना द्यायला चांगला."

ठमाबाई खाली बसली, तिथंच, फरशीवर. मी पाणी आणायला धावलो. तिनं पाणी घेतलं नाही. ती प्लेट पदराखाली घेत म्हणाली, "यशे, ही मी नेते. बायकांना दाखवते."

यशे!  तरीही मॅडमनी हात पुढे केला. "नाय, आये. इथली प्लेट कुणाला देता येत नाय, मागच्याही मी परत आणल्या होत्या. कुकरात वाफवून टाकायची असते. मोबाईलमध्ये फोटो काढून देते."

"अगं, रिकामी हाय की!"

"रिकामी असली तरी."

 ठमाबाईनं पदराखालून प्लेट काढून दिली आणि ती माझ्याकडे वळली. "बघा सर. आईला बी सोडत नाय!" आणि हसायला लागली. मी तिला हसताना प्रथमच पाहत होतो.

तीच तक्रार तिनं जाताना शिपायाकडे केली, मग जिन्यात भेटलेल्या कारकुनाकडे. मॅडम संकोचून "आये, पुरे" म्हणत होत्या. स्टँडवर खोडाळ्याची गाडी लागली होती. खिडकीशी बसल्या बसल्या ठमाबाईनं शेजारच्या अनोळखी बाईचा दंड धरला आणि खाली उभ्या लेकीकडे बोट दाखवलं. "ती बघ, माझी पोर. आईला बी सोडत नाय!"

गाडी सुटली. मी नंतर नाशिकला लेकाकडे राहायला आलो, आणि भोये मॅडम मला आठवतात त्या तशाच, जव्हारच्या स्टँडवर धुळीत उभ्या, बोटं चेहऱ्याला न लावण्याच्या सवयीनं मनगटानंच डोळे पुसत असलेल्या.